घरी ऑक्सिजन लिहून देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या ओपीडीत दोन तऱ्हेचे पेशंट नेहमी दिसतात. एकांना घरी ऑक्सिजनची खरी गरज असते, पण तो कुणी लिहूनच दिलेला नसतो. दुसऱ्यांच्या घरात मशीन असतं, पण ते कशासाठी, किती फ्लोवर (मिनिटाला किती लिटर), किती तास, हे एकाही कागदावर सापडत नाही. डिस्चार्ज कार्डावर एवढंच असतं: ‘होम ऑक्सिजन २ लिटर, एसओएस’, म्हणजे गरज पडली तर. ही ऑर्डर अपुरी आहे आणि तिचा त्रास घरच्यांना होतो, म्हणून हे पान लिहिलं. ते मुख्यतः फॅमिली डॉक्टर आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे, पण घरच्यांनीही जरूर वाचावं.

दम लागतो म्हणून ऑक्सिजन सुरू करायचा का?

नाही, आधी मोजायचं. रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन हा उपचार आहे. दम लागणं ही तक्रार आहे आणि तिची कारणं अनेक असतात: फुफ्फुसात अडकून राहिलेली हवा, हृदयाचा कमकुवतपणा, रक्तक्षय, वजन, भीती, चुकीच्या पद्धतीने ओढलेला इनहेलर. बसल्या जागी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९५ असलेल्या माणसाला नळी लावून या कारणांपैकी एकही हटत नाही.

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात गंभीर आजारामुळे धाप लागणाऱ्या, पण रक्तातला ऑक्सिजन फारसा न उतरलेल्या २३९ रुग्णांपैकी निम्म्यांना नळीतून ऑक्सिजन दिला आणि निम्म्यांना साधी हवा. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. म्हणून अशा पेशंटला मी आधी तोंडावर वारा येईल असा छोटा पंखा, ओठांचा चंबू करून श्वास सोडणं आणि पल्मनरी रिहॅबिलिटेशन (फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी व्यायाम आणि श्वासाचं प्रशिक्षण) सांगतो. सोबत इनहेलर माझ्यासमोर ओढून दाखवायला लावतो. यातून सुटणारे पेशंट पुष्कळ असतात.

मग नेमका कोणत्या आकड्याला लिहायचा?

तब्येत स्थिर असताना, बसून, रूम एअरवर (ऑक्सिजन न लावता) पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब, पाऱ्याच्या मिमीत) ५५ मिमी किंवा त्याखाली, अथवा सॅच्युरेशन ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर दीर्घकालीन ऑक्सिजन द्यावा. पीएओटू ५६ ते ५९ च्या मध्ये असेल तर आणखी एक पुरावा लागतो: पायावर सूज, उजव्या हृदयावर ताण, पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब) किंवा ५५ टक्क्यांवर गेलेलं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण). ‘स्थिर’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये. न्यूमोनियाच्या चौथ्या दिवशीचं सॅच्युरेशन हे त्या न्यूमोनियाचं असतं, पेशंटच्या नेहमीच्या तब्येतीचं नसतं.

हे आकडे कुठून आले?

दोन जुन्या अभ्यासांतून, आणि ते प्रत्येक निवासी डॉक्टरला माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ‘नॉट’ अभ्यासात सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) २०३ रुग्णांपैकी काहींना फक्त रात्री सुमारे १२ तास, तर बाकीच्यांना दिवसरात्र, म्हणजे प्रत्यक्षात सरासरी पावणेअठरा तास ऑक्सिजन दिला. रात्रीपुरता घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. १९८१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचा अभ्यास आला. त्यात रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले आणि न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. सीओपीडीत आयुष्य वाढवणारे उपचार मोजकेच आहेत. योग्य माणसाला योग्य तास दिलेला ऑक्सिजन हा त्यातला एक आहे.

याची दुसरी बाजू २०१६ मध्ये ‘लॉट’ अभ्यासाने दाखवली. सॅच्युरेशन थोडंसंच उतरलेल्या, म्हणजे बसून ८९ ते ९३ असलेल्या किंवा फक्त चालताना मध्यम उतरणाऱ्या ७३८ रुग्णांमध्ये घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढलं नाही, रुग्णालयात भरती होणं लांबलं नाही आणि जगण्याचा दर्जाही सुधारला नाही. त्यामुळे ९१ सॅच्युरेशनला ‘देऊन तर बघू’ म्हणत मशीन लिहिणं मला पटत नाही. त्यात घरच्यांचा पैसा जातो आणि पेशंट नळीच्या लांबीएवढ्या जागेत अडकून पडतो.

बोटावरचा ऑक्सिमीटर पुरत नाही का? एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) कशाला?

कुणाची तपासणी करायची हे ठरवायला ऑक्सिमीटर पुरतो. ९२ किंवा त्याखाली दिसलं की पुढची तपासणी करावी. पण कायमचा ऑक्सिजन सुरू करताना धमनीतलं रक्त एकदा तपासलेलं बरं, कारण कार्बन डायऑक्साइड किती साठला आहे ते ऑक्सिमीटर सांगत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० नंतर ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. यंत्रावर ९० दिसतं आणि पायावर सूज असते, तेव्हा एबीजी केलाच पाहिजे.

ऑक्सिमीटर लावतानाही घाई नको. नेलपॉलिश पुसा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, हात थंड असेल तर चोळून गरम करा. पेशंट जिना चढून आला असेल तर दहा मिनिटं बसू द्या. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळला आणि वाचन स्थिर झालं, की मगच लिहून घ्या.

तालुक्याच्या गावी एबीजीची सोय नसते हे मला माहीत आहे. सॅच्युरेशन स्पष्टपणे ८८ च्या खाली असेल तर एबीजीसाठी उपचार अडवून धरू नका. कमी फ्लोवर सुरू करा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एबीजी कधी होणार ती तारीख चिठ्ठीवर घाला.

रुग्णालयातून सोडतानाच लिहून द्यावं का?

डिस्चार्जच्या दिवशी रूम एअरवर सॅच्युरेशन ८८ च्या खाली असेल तर द्यावंच लागेल. पण ते तात्पुरतं आहे असं पेशंटला सांगा आणि तसं कागदावरही लिहा. आजार ओसरल्यावर अनेकांचं फुफ्फुस सावरतं. ६० ते ९० दिवसांत पुन्हा मोजायचं, तेही पूर्ण औषधं चालू असताना. ही फेरतपासणी राहून गेली की गरज संपलेला माणूसही वर्षानुवर्षं मशीनला जोडलेला राहतो. असं होताना मी फार वेळा पाहतो.

फ्लो कसा ठरवायचा?

पेशंट समोर बसवून. १ लिटरवर सुरू करा, वीस मिनिटं थांबा आणि सॅच्युरेशन ९० च्या थोडं वर जाईपर्यंत एकेक लिटर वाढवा. मग त्या फ्लोवर एबीजी करा: पीएओटू ६० च्या वर हवा आणि कार्बन डायऑक्साइड फारसा चढलेला नसावा. तो साताठ मिमीहून जास्त वाढला किंवा पीएच उतरला (रक्त आम्लधर्मी झालं), तर पेशंट अजून स्थिर नाही असं धरा. अशाला बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशीन) लागेल का, हा विचार आधी करावा.

नंतर त्याच फ्लोवर कॉरिडॉरमध्ये चालवून बघा. बसून १ लिटर पुरणाऱ्या आजींना संडासापर्यंत जाऊन यायला २ लिटर लागतात, हे तेव्हाच कळतं.

सगळ्यांना सरसकट २ लिटर दिले तर काय बिघडतं?

ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचं बरंच बिघडतं. जुनी सीओपीडी, कुबड किंवा पाठीचा बाक, अति लठ्ठपणा आणि क्षयाने आक्रसलेली फुफ्फुसं यांत हा धोका असतो. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की हवा नीट न पोचणाऱ्या भागांकडेही रक्त वळतं, हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, श्वासही थोडा मंदावतो. मग सकाळी डोकं दुखतं, दिवसा झापड येते, हात थरथरतात. घरचे म्हणतात, ‘बाबा आज छान झोपलेत.’ सॅच्युरेशन ९८ दिसत असतं आणि पेशंट गुंगीत जात असतो. म्हणून अशा पेशंटसाठी लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवायचं आणि ते घरच्यांच्या डोक्यात पक्कं बसवायचं. आकडा शंभराकडे न्यायचा नाही, हे समजावताना दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

आपल्याकडे घरच्या ऑक्सिजनसाठी ब्रिटनसारखा ठरलेला ऑर्डर फॉर्म वापरात नाही. आपली चिठ्ठी हीच ऑर्डर. तीच दुकानदार, मशीन भाड्याने देणारा, घरची सून आणि रात्री बोलावलेला शेजारचा डॉक्टर वाचणार आहे. अँटिबायोटिक लिहिताना आपण मात्रा, वेळ आणि दिवस लिहितो, तसंच इथेही हवं. नमुना देतो (हायपॉक्सिमिया म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असणं, पीएसीओटू म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब, नेझल कॅन्युला म्हणजे नाकातली नळी, कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन):

*निदान: सीओपीडी, दीर्घकालीन हायपॉक्सिमिया. स्थिर अवस्थेत, बसून, रूम एअरवर सॅच्युरेशन ८५ टक्के. एबीजी: पीएच ७.३९, पीएओटू ५२, पीएसीओटू ४६.*

*ऑक्सिजन नेझल कॅन्युलाने. बसून व झोपेत १ लिटर प्रति मिनिट. चालताना व आंघोळीच्या वेळी २ लिटर. रोज किमान १५ तास, रात्रीची पूर्ण झोप धरून. लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ९२ च्या वर राहिल्यास फ्लो कमी करणे.*

*साधन: ५ लिटरचा स्टेशनरी कॉन्सन्ट्रेटर. वीज गेल्यास बी टाइप सिलिंडर, रेग्युलेटर व फ्लोमीटरसह.*

*धूम्रपान बंद, घरच्यांना आगीचा धोका समजावला. फेरतपासणी तीन महिन्यांनी, एबीजीसह.*

एवढं लिहायला फार वेळ लागत नाही. ‘एसओएस’ मात्र या चिठ्ठीत कुठेही येऊ देऊ नका. कारण मग आजोबा धाप लागली की नळी लावतात आणि बरं वाटलं की काढतात. पंधरा तास कधीच भरत नाहीत. चिठ्ठीच्या पाठीमागे मराठीत, मोठ्या अक्षरात फ्लो आणि तास लिहून द्यावेत आणि तो कागद मशीनवर चिकटवायला सांगावा.

कॉन्सन्ट्रेटर की सिलिंडर?

रोज १५ तासांचा हिशोब असेल तर कॉन्सन्ट्रेटर. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू मावतो. २ लिटरच्या फ्लोने तो साडेबारा तासांत संपतो. सात हजार लिटरचा जंबोही रोज १५ तास वापरला तर चार दिवस पुरत नाही. रिफीलसाठी एवढी धावपळ कोण करणार? कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइटमध्ये (एका सच्छिद्र खनिजात) अडकवून ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतो. तो संपत नाही, मात्र त्याला वीज लागते. म्हणून सिलिंडर सोबतीला हवंच, खास करून जिथे वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते अशा कोकणातल्या किंवा डोंगराकडच्या गावांत. पाच लिटरच्या मशीनला सुमारे ३५० वॉट लागतात. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालेल, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

मशीन घेताना एकच प्रश्न विचारा: लिहून दिलेल्या फ्लोवर शुद्धता किती? ‘१ ते ७ लिटर’ अशी पाटी लावलेली काही स्वस्त मशीनं १ लिटरला ९० टक्के देतात आणि फ्लो वाढवला की शुद्धता ३०-४० टक्क्यांपर्यंत घसरते. ती घेऊ नका. पुरवठादाराला शुद्धता मोजणारा ऑक्सिजन अ‍ॅनलायझर घेऊन घरी यायला सांगा आणि पेशंटच्या फ्लोवर आकडा बघा.

विकत घ्यावं की भाड्याने?

पहिले तीन महिने भाड्याने. फेरतपासणीत गरज कायम निघाली तर विकत. आरोग्य विम्यातून हा खर्च बहुधा मिळत नाही. रुग्णालयाबाहेर वापरायचं ऑक्सिजन सिलिंडर तर विमा नियामकाच्या ज्या यादीत आहे, त्या यादीतल्या वस्तू पॉलिसीत सहसा धरल्या जात नाहीत.

विजेचा खर्चही ऑर्डर लिहितानाच बोला. ३५० वॉट गुणिले १६ तास म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १७० च्या आसपास. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटला टप्पे बदलतात, त्यामुळे दर युनिटमागचा भावही चढतो. पहिलं बिल आलं की घरात कुरबूर होते आणि आजी गुपचूप मशीन बंद करून बसतात. मी आता प्रत्येक पेशंटला विचारतो, ‘बिल किती आलं?’ ते ऐकलं की मशीन खरोखर किती तास चाललं याचा अंदाज येतो.

कोविडच्या वेळी घेतलेलं मशीन माळ्यावर आहे. चालेल का?

चालू शकेल, पण तपासल्याशिवाय नाही. बराच काळ बंद पडून राहिलं की झिओलाइट ओलावा शोषून घेतं आणि शुद्धता उतरते. मशीन घरघरत राहतं, फ्लोमीटरचा गोळाही वर जातो, पण नाकात जवळपास साधी हवाच येत असते. अर्धा तास चालवून अ‍ॅनलायझर लावा. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर ते मशीन उपचारासाठी धरू नका.

बॅटरीवरचं छोटं पोर्टेबल मशीन दिलं तर?

बाहेर पडणाऱ्या, कामाला जाणाऱ्या माणसाला ते वरदान आहे. पण त्यावरचा ‘२’ म्हणजे २ लिटर नव्हे. बहुतेक पोर्टेबल मशीनं फक्त श्वास आत घेताना ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि प्रत्येक कंपनीचा ‘२’ वेगळा असतो. पेशंटला त्याच मशीनवर चालवून, सॅच्युरेशन बघून सेटिंग लिहा. झोपेत श्वास उथळ असेल तर मशीनला तो कळत नाही, म्हणून रात्रीसाठी स्टेशनरी मशीनच ठेवा.

पंधरा तास म्हणजे कसे? चोवीस तास घेतला तर जास्त फायदा?

रात्रीची झोप आठ-नऊ तास, दुपारची वामकुक्षी, जेवण, संध्याकाळी टीव्ही, एवढ्यात पंधरा होतात. नळी लावून जेवता येतं, बोलता येतं. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या २४१ रुग्णांच्या अभ्यासात १५ तास आणि २४ तास यांच्यात मृत्यू किंवा भरतीच्या बाबतीत फरक दिसला नाही. त्यामुळे आजोबांना कट्ट्यावर जायचं असेल आणि नळी न लावता फार त्रास होत नसेल, तर खुशाल जाऊ द्या.

एकदा लावला की सवय लागते म्हणतात.

लागत नाही. नळी काढल्यावर त्रास होतो तो आजारामुळे. या भीतीपायी गरज असलेली माणसं महिनोन्महिने नको म्हणत राहतात, ही मोठी खंत आहे.

घरात काय सांभाळायचं?

आग. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण शेजारच्या ठिणगीचा भडका करतो. नळी लावून बिडी ओढली तर चेहरा भाजतो आणि श्वासनलिकाही भाजू शकते. पेशंट किंवा घरातलं कुणी धूम्रपान करत असेल तर ऑर्डर लिहिण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून बोला. ते थांबणारच नसेल, तर मी मशीन लिहून देत नाही.

बिडीबद्दल सगळे विचारतात, पण देवघर कुणी विचारत नाही. निरांजन, समई, उदबत्ती, चूल, गॅस या सगळ्यांपासून मशीन आणि पेशंट किमान दहा फूट लांब हवेत. तव्यावर मिसरी भाजणाऱ्या आजींना हे वेगळं सांगावं लागतं, कारण मिसरी म्हणजे धूम्रपान नव्हे असं त्यांना वाटतं आणि भाजताना नळी नाकातच असते. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, पाण्याचा बेस असलेलं जेल लावा.

एका घरी मशीन पलंगाखाली सरकवलेलं होतं, वर चादर लोंबत होती आणि फिल्टरवर कापसाएवढी जाड धूळ. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, मोकळ्या हवेत ठेवा. फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा. चार लिटरच्या खाली पाण्याची बाटली बहुधा लागतच नाही. लावलीच तर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि ते रोज बदला.

फक्त चालताना किंवा फक्त झोपेत सॅच्युरेशन उतरतं, त्यांचं काय?

चालताना उतरत असेल तर सहा मिनिटांची चाल दोनदा घ्या, एकदा नुसती आणि एकदा ऑक्सिजनवर. अंतर वाढलं किंवा धाप कमी झाली तर द्या. फुफ्फुस कडक होण्याच्या आजारांत याचा फायदा जास्त दिसतो. कबुतरांच्या सहवासाने होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस त्यातलाच. झोपेत उतरत असेल तर आधी स्लीप स्टडी करा. घोरणाऱ्या, स्थूल माणसाला सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) हवा असतो, नुसता ऑक्सिजन नव्हे.

महाबळेश्वरला जायचंय, किंवा मुलीकडे अमेरिकेला?

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहज १५ टक्के कमी असतो, त्यामुळे काठावरच्या पेशंटचं सॅच्युरेशन उतरतं. जाण्याआधी विचारा आणि सोबत ऑक्सिमीटर ठेवा. विमानात दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो, म्हणजे जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखं. स्वतःचं सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या नेऊ देत नाहीत. मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरने आधीच भरून द्यावा लागतो आणि बहुतेक कंपन्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या मागतात.

लहान बाळांना हेच नियम?

नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी लक्ष्य वेगळं असतं, साधारण ९३ टक्क्यांच्या वर, आणि फ्लो लिटरच्या दहाव्या भागात मोजावा लागतो. ते नवजात तज्ज्ञांनीच ठरवावं.

कॅन्सर किंवा शेवटच्या आजारपणात?

सॅच्युरेशन उतरलेलं असेल तर द्या, तासांचा हिशोब न धरता. उतरलेलं नसेल तर पंखा, आणि कमी मात्रेतलं मॉर्फिन याबद्दल पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांशी बोला. घरच्यांना काहीतरी करायचं असतं आणि त्यांचा जीव तुटत असतो. नुसतं ‘गरज नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

ऑक्सिजन बंद कधी आणि कसा करायचा?

तीन महिन्यांच्या तपासणीला पेशंटला नळी काढून अर्धा तास बसवा. आधी घरच्यांना कल्पना द्या, नाहीतर ते घाबरतात. सॅच्युरेशन ९२ च्या वर टिकलं, चालूनही ८८ च्या खाली गेलं नाही आणि एबीजीत पीएओटू ६० च्या वर आला, तर ऑक्सिजन थांबवता येतो. चिठ्ठीवर ‘ऑक्सिजन बंद’ असं तारखेसह स्पष्ट लिहा आणि भाड्याचं मशीन परत करायला सांगा. गरज कायम असेल तर नवा फ्लो, नवे तास आणि पुढची तारीख घालून नवी चिठ्ठी द्या. जुनी काढून घ्या. त्यानंतर वर्षातून किमान एकदा एबीजी. मधल्या काळात झापड, सकाळची डोकेदुखी, पायावर नवी सूज, किंवा ठरलेल्या फ्लोवर सॅच्युरेशन ८८ च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर घरी फ्लो वाढवत बसू नका, त्याच दिवशी पेशंटला घेऊन या.